मैदान आणि मोर्चा

बेळगाव शहरात १ नोव्हेंबर हा दिवस दोन रंगांनी उगवतो. १९५६ साली याच तारखेस भाषावार राज्यरचना अमलात आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून सीमाभागातील मराठी माणसे हा दिवस काळा दिन म्हणून पाळीत आली आहेत. काळे कपडे, दंडाला काळ्या फिती, हाती काळे झेंडे आणि खाली सायकल, अशा थाटात महाराष्ट्र एकीकरण समितीची फेरी संभाजी उद्यानापासून निघते, शहापूरच्या बाजूने फिरते आणि मराठा मंदिरापाशी सभेत विसावते. त्याच दिवशी, त्याच शहरात कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लागलेले असतात, राणी चन्नम्मा चौकात तरुणांचे थवे जमतात आणि चित्ररथांची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते. १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले तेही १ नोव्हेंबरलाच, आणि २०१४ साली बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले तेही १ नोव्हेंबरलाच. एकाचा शोक आणि दुसऱ्याचा उत्सव यांनी जणू एकच तारीख वाटून घेतली आहे. आपल्या पंचांगात तर हा सर्व संतांचा सण. खेड्यापाड्यांतून मिस्सेसाठी शहरात आलेल्या कुटुंबांना एका वळणावर काळे झेंडे दिसतात आणि दुसऱ्या वळणावर लाल-पिवळे.

अशा दिवशी एखाद्या मुलाचा फुटबॉलचा किंवा खो-खोचा सामना असला की घरात प्रश्न उभा राहतो. पोराला पाठवावे की नाही? आई म्हणते, कशाला उगाच त्या भानगडीत. वडील म्हणतात, मुलांच्या खेळाला अडवण्याइतकी माणसे वाईट नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण मूळ प्रश्न त्याहून जुना आणि मोठा आहे. जी जागा सर्वांची, तेथे खेळणाऱ्याने खेळावे आणि गाऱ्हाणे मांडणाऱ्याने गाऱ्हाणे मांडावे, हे दोन्ही एकाच वेळी कसे व्हावे? आणि कोणी कोणाला वाट द्यावी?

हा प्रश्न बेळगावकरांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे मैदान पाहावे. सकाळी तेथे वयस्क मंडळी फिरावयास येतात, मुले बॅट-बॉल घेऊन येतात. २००६ सालापासून कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात भरू लागले, २०१२ मध्ये त्यासाठी सुवर्ण विधानसौध उभे राहिले, आणि अधिवेशनाला उत्तर म्हणून समितीने आपला महामेळावा घेण्याची प्रथा पाडली. त्या मेळाव्यासाठी हेच मैदान निवडले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये तर तेथेच समितीच्या एका नेत्याच्या तोंडाला शाई फासण्यात आली, आणि शहराची शांती काही दिवस हरवली. ज्या मातीत सकाळी मुलांनी यष्ट्या रोवायच्या, त्याच मातीत दुपारी पोलिसांच्या गाड्या उभ्या! मुलांनी काय समजावे?

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, गाऱ्हाणे असणाऱ्याला जागा लागते. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचे म्हणणे कचेरीतून निघते आणि घरोघर पोहोचते. ज्याच्या हाती ती नाही त्याला लोकांच्या डोळ्यांसमोर उभे राहण्यावाचून उपाय नसतो. निपाणीच्या लोकांना हे सांगावयास नको. मार्च १९८१ मध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगलोर महामार्गावर ठाण मांडून बसले. रस्त्याच्या कडेला चुली पेटल्या, बायामुले आली, त्या वस्तीला आंदोलननगर असे नाव पडले. शेतात बसून हाच शोक केला असता तर तो कोणाला ऐकू आला असता? ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी प्राणास मुकले. त्या रस्त्याने आजही आपण कोल्हापूरला जातो. हमरस्ता अडविणे योग्य की अयोग्य, यावर दोन मते असू शकतात, परंतु माणसे तेथे का बसली हे ज्याला कळत नाही त्याने निपाणीचा तंबाखू कधी उन्हात वाळवलेला नाही.

आता, जेथे खेळ तेथे गर्दी, आणि जेथे गर्दी तेथे आंदोलकाची नजर जाणारच. त्यात पाप नाही. मात्र येथे एक भेद करावा लागतो, आणि तो केला नाही तर सारी चर्चा गढूळ होते. आंदोलकाची तक्रार त्या खेळाशीच आहे काय? की तक्रार दुसऱ्याच कोणाशी असून खेळ हा केवळ जमलेल्या लोकांमुळे हाताशी आलेला आहे?

पहिल्या प्रकारचा एक ठळक दाखला आपल्याच इलाख्यात घडला. मुंबईत १८९२ सालापासून युरोपियन आणि पारशी यांच्यात क्रिकेटचे सामने होत. १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुसलमान आले, आणि १९३७ मध्ये ‘इतर’ या नावाने पाचवा संघ आला. म्हणून ते पंचरंगी सामने. या ‘इतर’मध्ये ख्रिस्ती, यहुदी अशी उरलेली मंडळी. आपण त्यांच्यातले, म्हणजे जे कोणत्याच खणात बसत नाहीत त्यांच्या खणातले! संघ गुणांवरून नव्हे तर धर्मावरून पाडलेले, आणि तरीही ब्रेबोर्न स्टेडियम गच्च भरे.

या रचनेतील अन्यायाविरुद्ध पहिला निषेध बाहेरून आला नाही, तो मैदानाच्या आतूनच आला होता. पाळवणकर बाळू हे धारवाडास जन्मलेले, दलित घरातले आणि आपल्या काळातील अव्वल फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात त्यांनी पडेल ते काम केले, चेंडू टाकला, आणि हिंदूंच्या संघात विकेटांची रास घातली. परंतु चहाची वेळ झाली की त्यांचा पेला वेगळा असे, आणि कप्तानपदाचे नाव निघाले की सभासदांना त्यांची जात आठवे. १९२० साली बाळूंचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी ‘असे असेल तर आम्ही खेळत नाही’ म्हणून संघातून अंग काढून घेतले. त्यावर बरीच खळबळ झाली, बाळूंना उपकप्तान केले गेले, भाऊ परतले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंच्या संघाचे कप्तान झाले. तेथे खेळाडू हाच निदर्शक होता आणि त्याचे हत्यार एवढेच की, मी नसेन तर तुमचा सामना कसा होतो ते पाहा.

पुढे डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींचा सल्ला घेण्यास वर्ध्याला गेली. वैयक्तिक सत्याग्रह चालू होता, पुढारी तुरुंगात जात होते, जगात युद्ध पेटलेले होते. गांधीजींनी आपला कल सामने थांबावेत असे म्हणणाऱ्यांकडे असल्याचे सांगितले, आणि धर्मावर संघ पाडण्याची पद्धतही आपल्याला कळत नाही असे बजावले. त्या वर्षी हिंदूंचा संघ उतरला नाही. पुढच्या वर्षी उतरला. १९४२ च्या धामधुमीत सामने झालेच नाहीत. १९४३ मध्ये पुन्हा झाले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’सारखी वृत्तपत्रे लिहीत राहिली, विरोधक सभा घेत राहिले, प्रेक्षक तिकिटे काढीत राहिले. असा हा सहा वर्षांचा ओढाताणीचा खेळ १९४६ मध्ये सामने बंद होऊन संपला.

आपल्याला यात रस असण्याचे आणखी एक कारण आहे. १९४३ सालच्या अंतिम सामन्यात ‘इतर’ संघाची गाठ हिंदूंशी पडली. हिंदूंनी पाच बाद ५८१ धावांवर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५०. ‘इतर’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात सांगलीला जन्मलेले, आपल्याच धर्माचे (जरी आपल्या पंथाचे नसले तरी) विजय हजारे उभे राहिले आणि संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांनी एकट्याने केल्या. धाकट्या भावाने, विवेकने, दुसऱ्या टोकास पाय रोवून २१ धावा केल्या आणि दोघांची भागी ३०० ची झाली. सामना तरी डावाने हरलाच. पण त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या हजारो प्रेक्षकांत ‘इतर’ किती असतील? हिंदू, मुसलमान, पारशी सारेच हजाऱ्यांसाठी उठून उभे राहिले नसतील काय? म्हणजे विरोधकांचे म्हणणे खरे होते, ही रचना वाईट होती. आणि प्रेक्षकांचेही काही चुकले नव्हते, कारण त्या वाईट रचनेतही त्यांना माणूस दिसत होता. या हजाऱ्यांच्याच कप्तानीखाली फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, आणि तेव्हा संघ धर्मावरून पाडलेला नव्हता.

परदेशातील दाखला दक्षिण आफ्रिकेचा. तेथे कातडीच्या रंगावरून संघ निवडीत. केपटाउनला जन्मलेला बेसिल डॉलिव्हेरा (हे आडनाव आपल्या कानाला परके नाही) आपल्या देशाकडून खेळू शकला नाही, म्हणून इंग्लंडकडून खेळला. आणि १९६८ मध्ये इंग्लंडने त्याला संघात घेतले तेव्हा तो संघच नको असे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने कळविले. इंग्लंडचा कसोटीपटू डेव्हिड शेपर्ड हा अँग्लिकन धर्मगुरू. १९६० सालीच त्याने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळण्यास नकार दिला होता. १९७० चा दौरा विरोधामुळे रद्द झाला. हेच शेपर्ड पुढे लिव्हरपूलचे बिशप झाले आणि तेथील कॅथलिक आर्चबिशप डेरेक वर्लॉक यांच्याबरोबर खांद्याला खांदा लावून त्यांनी गरिबांसाठी वर्षानुवर्षे काम केले, ही गोष्ट ओघात सांगावीशी वाटते.

निपाणीत गोळीबार झाला त्याच १९८१ सालच्या २५ जुलैला न्यूझीलंडमधील हॅमिल्टन गावी दक्षिण आफ्रिकेचा रग्बी सामना होता. शेकडो निदर्शक कुंपण तोडून मैदानाच्या मध्यात जाऊन हातात हात गुंफून उभे राहिले. सामना रद्द झाला. प्रेक्षक चिडले, बाटल्या फेकल्या गेल्या, डोकी फुटली. आमच्या मते कुंपण तोडणे हे कडक औषध होते, आणि तिकीट काढून आलेल्या शेतकऱ्याच्या रागातही सच्चेपणा होता. परंतु त्यांची तक्रार त्याच संघाशी, त्याच निवडीशी होती, हे विसरता येत नाही. ते दुसऱ्याचे भांडण मैदानात आणीत नव्हते. भांडण मैदानातच होते.

याच्या उलट प्रकार ऑक्टोबर १९९१ मध्ये मुंबईत घडला. पाकिस्तानचा संघ येणार म्हणून शिवसैनिकांनी वानखेडे स्टेडियममध्ये शिरून खेळपट्टी खणून टाकली. दौरा रद्द झाला. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानाची तीच गत केली गेली. दोन देशांमधील वैर खरे होते, सीमेवर माणसे मरत होती हेही खरे. परंतु त्यात खेळपट्टीचा काय अपराध? ज्या माळ्याने ती पाणी घालून, रोलर फिरवून, महिनोन्महिने तयार केली त्याचे मत कोणी विचारले? चुकीच्या पत्त्यावर टाकलेले पत्र कितीही खरे असले तरी ज्याच्यासाठी लिहिले त्याला मिळत नाही. निदर्शक फाटकापाशी उभा राहतो तेव्हा आत जायचे की नाही हे तो प्रेक्षकावर सोपवतो. खेळपट्टी खणणारा ते सर्वांच्या वतीने एकटाच ठरवून टाकतो.

त्या वर्षी पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. दिल्लीचा सामना मागे ढकलून पहिली कसोटी चेन्नईत झाली. ३१ जानेवारीला पाकिस्तान अवघ्या १२ धावांनी जिंकले, आणि हरलेल्या यजमानांचे प्रेक्षक उभे राहून पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवू लागले. पाकिस्तानच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली. नंतर खणलेली दिल्लीची खेळपट्टी दुरुस्त होऊन तेथे दुसरी कसोटी झाली, आणि ७ फेब्रुवारीला बंगलोरच्या अनिल कुंबळ्यांनी एका डावातील दहाच्या दहा बळी ७४ धावांत घेतले. त्या दिवशी सीमाभागातील घराघरांत रेडिओ-टीव्हीपुढे कोण मराठी आणि कोण कन्नड होते? याच कुंबळ्यांच्या संघात घरी मराठी बोलणारा, कर्नाटकासाठी खेळणारा राहुल द्रविड होता.

तथापि सारा दोष आंदोलकांच्या माथी मारणे हा आळस झाला. सत्ताधाऱ्यांनाही उत्सव आणि खेळ हे फार सोयीचे पडतात. पाहुणे येणार, जगाचे डोळे आपल्याकडे लागणार, तेव्हा रस्ते स्वच्छ हवेत, म्हणजे गाऱ्हाणी दिसता कामा नयेत. १९६८ साली मेक्सिको शहरात १२ ऑक्टोबरला ऑलिंपिक सुरू व्हायचे होते. त्याआधी दहा दिवस, २ ऑक्टोबरला, त्लातेलोल्को चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. मग खेळ ठरल्या दिवशी सुरू झाले. मे २०२३ मध्ये आपल्याच देशासाठी पदके आणलेले कुस्तीगीर, साक्षी मलिक, विनेश फोगट, बजरंग पुनिया, दिल्लीत जंतरमंतरवर बसले होते. २८ मे रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी त्यांना उचलून गाड्यांत घालण्यात आले आणि त्यांचा तळ हटविण्यात आला. आखाड्यात ज्यांच्यासाठी आपण टाळ्या वाजवल्या त्यांना रस्त्यावर बसलेले पाहून पुष्कळांनी मान फिरवली. ‘खेळाडूंनी खेळावे, बाकीच्या उठाठेवी करू नयेत’ असे म्हणणाऱ्यांनी पाळवणकर बंधूंची आठवण ठेवावी.

आपल्या भागात तर पैलवान आणि आंदोलक ही दोन वेगळी माणसे कधीच नव्हती. जत्रेच्या मैदानात हलगी वाजते, लाल मातीत जोड लागते, बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात कोल्हापूरचा, हरियाणाचा, कर्नाटकातला पैलवान उतरतो, आणि चीतपट झाली की बक्षीस देणारा भाषा विचारीत नाही. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात सीमाप्रश्नावर गोळीबार झाला तेव्हा पडलेल्यांत मारुती बेन्नाळकर होते, आणि हुतात्म्यांच्या यादीत त्यांचे नाव ‘पैलवान’ या उपाधीसह घेतले जाते. निपाणीत कमळाबाई मोहिते पडल्या. त्यांच्या स्मरणार्थ १७ जानेवारीला आजही माणसे जमतात. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्याचा निकाल न्यायमूर्ती देतील, तो फुटबॉलच्या मैदानावर लागणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे खेड्यांतील स्पर्धा भरविणाऱ्या मंडळींना आहे, ती कोणत्याही भाषेची असोत. १७ जानेवारी आणि १ नोव्हेंबर या तारखा ज्यांना दुखतात त्यांना त्या दुखू द्याव्या. त्या दिवशी ट्रॉफीची मिरवणूक मुद्दाम त्यांच्या दारावरून नेऊ नये. आणि फेरी काढणाऱ्यांनीही शाळेच्या मैदानापाशी आल्यावर घोषणा आवरत्या घ्याव्यात, आत दहा-बारा वर्षांची मुले असतात, त्यांच्यात दोन्ही भाषांची असतात, आणि आपल्या वाड्यांत तर कोकणी ही तिसरीही असते. रस्ता लागून असेल आणि फेरी चाललेली असेल तर पंचांनी पाच-दहा मिनिटे शिट्टी वाजवून खेळ थांबवावा. क्रिकेटमध्ये काळी मधमाशांची झुंड आली तरी खेळाडू आडवे पडतात आणि मग उठून खेळतात. माणसांसाठी एवढे करण्यास काय हरकत आहे? रुग्णवाहिकेची वाट मात्र दोघांनीही मोकळी ठेवावी, याला सूट नाही.

राहिला तो बापाचा प्रश्न. १ नोव्हेंबरला मुलाचा सामना असेल तर त्याला खुशाल पाठवावे. मिस्सा आटोपून, पोटभर न्याहारी करून पाठवावे, आणि वाटेत काळे झेंडे दिसले तर ते का, आणि लाल-पिवळे दिसले तर ते का, हे दोन्ही त्याला सांगावे, एका दमात, चेहरा न बदलता. सामन्याचा अंगरखा संघाचाच असावा, त्यावर दुसरी कसलीही फीत नको. फीत लावायची असेल तर सामना संपल्यावर, आणि ती का लावतो हे त्याला सांगता आले पाहिजे. सायंकाळी चित्ररथ निघाले की चन्नम्मा चौकाच्या बाजूने वाहने हलत नाहीत, तेव्हा गावाकडची गाडी दुपारीच धरावी. दुसऱ्या दिवशी पहाटे मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जायचे असतेच.